प्रवासातील शेजारधर्म



इतिहासाचे व्याख्यान म्हटले, की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर गडकोट, लढाया आणि तहनामे उभे राहतात. माझा आजचा विषय तितका भारदस्त नाही. एसटीच्या गाडीत किंवा रेल्वेच्या डब्यात आपल्या शेजारी बसलेला गृहस्थ मोबाईलवर मोठमोठ्याने बोलत असतो. कोणी त्यावरची गाणी आणि व्हिडिओ साऱ्या गाडीला ऐकवीत असतो. आणि बाकीचे प्रवासी मनात चरफडत, पण तोंडाने काही न बोलता, खिडकीबाहेर पाहत बसतात. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नवा नाही. या रोजच्या त्रासाला इतिहास कसला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की त्याला चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून या त्रासावरचा उपायही आपणांस नीट सापडणार नाही.

हा विषय विट्यात मांडण्यास आणखी एक कारण आहे. विटा हे चौरस्त्याचे गाव. कराडकडून येऊन जत-विजापूरकडे जाणारा रस्ता आणि फलटण-दहिवडीकडून येऊन सांगली-मिरजेकडे उतरणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. रेल्वे मात्र गावाला शिवलेली नाही. त्यामुळे विटेकराचा बहुतेक लांबचा प्रवास आधी एसटीच्या स्थानकावर सुरू होतो आणि मग कराड, सांगली किंवा मिरजेला जाऊन रुळांवर चढतो. शिवाय हा भाग अवर्षणाचा. शेतीने हात दिला नाही, तेव्हा या खानापूर-आटपाडी-तासगाव पट्ट्यातील माणसांनी सोनेचांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा हाती घेतला आणि ती हिंदुस्थानभर पसरली. केरळात, तामिळनाडूत, उत्तर प्रदेशात, बंगालात, जेथे सराफांची पेठ तेथे इकडचा गलाईवाला सापडतो. सणाला, जत्रेला, लग्नकार्याला ही मंडळी एक-दोन दिवसांचा प्रवास करून गावी येतात. म्हणजे प्रवास हा येथे चैनीचा विषय नसून संसाराचा भाग आहे. आणि दूरच्या माणसाचा आवाज कानी पडणे म्हणजे काय, हेही या गावाला कोणी शिकवावयास नको. मोबाईलची थोरवी ज्यांना पुरेपूर ठाऊक आहे, त्यांच्यापुढे मी त्याच्या उपद्रवाविषयी बोलणार आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. रेल्वेपूर्वीचा आपला प्रवास कसा होता? माणूस पायी चालत असे, घोड्यावर बसे, किंवा बैलगाडी जोडी. सोबत असे ती घरच्यांची, गावकऱ्यांची किंवा दिंडीची. प्रवासात शेजारी कोण असावे, हे बहुधा घरून निघतानाच ठरलेले असे. १६ एप्रिल १८५३ रोजी १४ डब्यांची पहिली गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन बोरीबंदराहून ठाण्याला गेली. अंतर अवघे २१ मैलांचे. परंतु त्या दिवसापासून आपल्या समाजात एक नवीनच खोली निर्माण झाली. ती कोणाच्या मालकीची नव्हती. जो तिकीट काढील तो तिच्यात बसे, आणि शेजारी कोण येऊन बसेल हे कोणालाच सांगता येत नसे. घर, वाडा, देऊळ, पाणवठा, या साऱ्या जागा कोणाच्या तरी होत्या आणि कोणाला तरी बंद होत्या. रेल्वेचा तिसऱ्या वर्गाचा डबा मात्र सर्वांचा होता.

सर्वांची जागा ही किती मोठी आणि किती कष्टाने मिळालेली गोष्ट आहे, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १९०१ साली साताऱ्यास राहणारी काही मुले वडिलांना भेटावयास कोरेगावी निघाली आणि मसूरच्या स्थानकावर उतरली. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. तिकीट काढून, नवे कपडे घालून ही मुले मोठ्या आनंदाने आगगाडीत बसली होती. गाडीतून उतरल्यावर, ती महारांची मुले आहेत असे कळताच स्टेशनमास्तरांची मुद्रा पालटली. बैलगाडीवाले त्यांना गाडीत घेईनात. अखेर एक गाडीवाला दुप्पट भाड्याला कबूल झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण शेजारून चालावे या अटीवर. वाटेत प्यावयास पाणी मिळाले नाही. डॉ. आंबेडकरांनी पुढे ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. या अन्यायाशी मोबाईलच्या त्रासाची बरोबरी करणे हा निव्वळ पोरकटपणा होईल. परंतु त्यातून एक गोष्ट नीट उमगते. पुणे-मिरज मार्गावरच्या त्या डब्यात एका तिकिटाने जो समान हक्क दिला होता, तो डब्याबाहेर पाऊल ठेवताच नाहीसा झाला. सर्वांची म्हणता येईल अशी जागा आपल्या समाजाला इतकी दुर्मीळ होती. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला पहिली एसटी सुटली, आणि अशी जागा खेड्यापाड्यांतल्या वेशीपर्यंत येऊन पोचली. म्हणूनच या जागेत कसे वागावे, हा प्रश्न क्षुल्लक मानता येत नाही.

तो प्रश्न रेल्वेच्या पहिल्या पिढीलाच पडला होता. त्या काळी आवाजापेक्षा धुराची तक्रार अधिक असे. बिडी, चिरूट, हुक्का, जो तो आपापल्या सवयीप्रमाणे ओढी, आणि बंद डब्यात त्याचा वाटा सर्वांना मिळे. १८९० साली हिंदुस्थानचा रेल्वे कायदा झाला. त्याच्या ११०व्या कलमात असे ठरले, की धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून इतरत्र कोणी सहप्रवाशांच्या संमतीवाचून धूम्रपान केले, तर त्यास २० रुपयांपर्यंत दंड व्हावा. वीस रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. याच कायद्याच्या १२०व्या कलमात दारूबाज, शिवराळ आणि असभ्य वर्तन करणाऱ्या प्रवाशांबरोबर आणखी एकाला गोवले होते. तो म्हणजे सबळ कारणावाचून दुसऱ्या प्रवाशाच्या सुखात व्यत्यय आणणारा, किंवा डब्यातील दिवा विझवणारा. दिवा विझवणे आणि दुसऱ्याचे स्वास्थ्य बिघडवणे ही दोन्ही कृत्ये कायद्याने एकाच ओळीत घातली होती. दिवा सर्वांचा आहे, तो तुला एकट्याला नको म्हणून विझवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. डब्यातील शांततेलाही हेच लागू पडते.

या कलमातील ‘संमती’ या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. कायदा असे म्हणत नव्हता, की कोणी तक्रार केली तर विडी विझवावी. तो म्हणत होता, की पेटवण्यापूर्वी विचारावे. विचारण्याचे ओझे ओढणाऱ्यावर होते, सोसणाऱ्यावर नव्हते. पुढे हा कायदा जाऊन १९८९ साली नवा रेल्वे कायदा आला. त्याच्या १६७व्या कलमात मात्र भाषा बदलली. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करू नये, असे तेथे आले. संमतीच्या जागी हरकत आली. शब्द एकच बदलला, पण ओझे सोसणाऱ्याच्या खांद्यावर गेले. आता त्याने तोंड उघडावे, वाईटपणा घ्यावा, आणि मग कदाचित दुसऱ्याने ऐकावे. अखेर २००३ साली तंबाखूविषयीचा स्वतंत्र कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास देशभर बंदी लागू झाली. म्हणजे धुराच्या बाबतीत संमती, हरकत आणि बंदी अशा तीन पायऱ्या आपण ओलांडल्या. आज एसटीत कोणी बिडी पेटवली, तर चार जण एकदम त्याच्याकडे वळून पाहतात. पन्नास वर्षांपूर्वी तसे पाहणाऱ्यालाच लोकांनी विक्षिप्त ठरवले असते. सवयी बदलत नाहीत असे जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

कायद्याच्या पुस्तकात काय होते ते सांगितले; डब्यात प्रत्यक्ष काय होते, तेही पाहिले पाहिजे. १९०२ साली गांधीजी कलकत्त्याहून राजकोटला निघाले, तेव्हा वाटेत उतरत उतरत तिसऱ्या वर्गाने जावयाचे त्यांनी ठरवले. ते त्या वेळी नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. गोखल्यांना ही कल्पना आधी हसण्यासारखी वाटली. पण हेतू कळल्यावर त्यांनी ती उचलून धरली, प्रवासासाठी पुऱ्या आणि मिठाई भरलेला पितळी डबा दिला, आणि स्वतः निरोप द्यावयास स्टेशनवर आले. या प्रवासांचे वर्णन करताना गांधीजींनी दोष दोघांनाही दिला आहे. रेल्वेचे अधिकारी तिसऱ्या वर्गाविषयी बेपर्वा, हे खरेच. परंतु प्रवासी तरी कसे? डब्यात कचरा टाकणारे, वेळीअवेळी विड्या ओढणारे, पानतंबाखू खाऊन साऱ्या डब्याची पिकदाणी करणारे, आणि शेजाऱ्याच्या सोयीगैरसोयीचा विचार न करता आरडाओरडा व शिवीगाळ करणारे. पुढे १९१७ साली मुंबईहून मद्रासेस जाताना बावीस माणसांच्या डब्यात पस्तीस माणसे कोंबलेली त्यांनी पाहिली आणि त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. गांधीजी तेव्हा परकीय सत्तेशी झगडत होते. सारा दोष सरकारवर टाकणे त्यांना सोपे होते. तरीही आपल्याच माणसांच्या वागण्याकडे त्यांनी डोळेझाक केली नाही, हे विशेष होय. मोबाईलचा तेव्हा मागमूसही नव्हता. म्हणजे बेपर्वाई हा यंत्राचा दोष नाही. यंत्राने तिला फक्त मोठा आवाज दिला आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात, “आपल्या गाड्या शांत कधी होत्या? आपण काय विलायतेतले लोक आहोत, वर्तमानपत्रात तोंड खुपसून मुकाट बसायला?” बरोबर आहे. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ मिरजेपर्यंत आला आणि पंढरपूर या भागाला रुळांनी जोडले गेले. आषाढी-कार्तिकीच्या त्या गाड्यांत टाळ-मृदंग वाजत नव्हते असे कोण म्हणेल? मुंबईच्या लोकलमध्ये रोजच्या प्रवाशांची भजनी मंडळे प्रसिद्धच आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली; पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि क्रिकेटचा सामना असला, की एसटीत कोणा एकाच्या कानाशी ट्रान्झिस्टर असे व “स्कोअर काय झाला?” म्हणून सारी गाडी त्याला विचारी. मग हा सारा गोंगाट गोड, आणि मोबाईलचाच तेवढा कडू का?

याचे उत्तर पुन्हा त्या ‘संमती’ या शब्दात आहे. वारीच्या गाडीत बसलेला मनुष्य भजनासाठीच बसलेला असे. ट्रान्झिस्टरवाल्याला लोक आपण होऊन विचारीत. त्या आवाजात इतरांना शिरकाव होता. नको असेल तेव्हा त्या आवाजांविरुद्धही तक्रारी झालेल्या आहेत. दिवसभर राबून घरी परतणाऱ्याला लोकलमधले झांजांचे भजनही कधी कधी नकोसे होते. म्हणजे भक्तीचा आवाज तेवढा चांगला आणि सिनेमाचा वाईट, असा हा भेद नाही. विचारून केलेला आवाज आणि न विचारता लादलेला आवाज, असा तो भेद आहे.

या संदर्भात वॉकमनची एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनी कंपनीने खिशातील कॅसेटयंत्र विकावयास काढले. त्याच्या पहिल्या नमुन्यात कानयंत्रे जोडण्यासाठी एक नव्हे, दोन जागा ठेवल्या होत्या. कारण चार माणसांत बसून एकट्यानेच गाणे ऐकणे हे उद्धटपणाचे दिसेल, अशी कंपनीचे अध्वर्यू अकिओ मोरिता यांना भीती वाटली होती. शेजाऱ्याला वाटा द्यावा की काय, याची चिंता तेथे यंत्र घडवणाऱ्याला पडली होती. आज आपल्याकडे वाटा न मागता मिळतो, आणि तो नाकारण्याची सोय नाही. त्याच जपानात पुढे मोबाईल आला, तेव्हा रेल्वेगाड्यांत घंटी बंद ठेवावी आणि बोलणे टाळावे, अशी विनंती करण्याची पद्धत पडली. मोबाईलच्या मूक अवस्थेला तेथे ‘मॅनर मोड’ म्हणतात. आपण तिला ‘सायलेंट’ म्हणतो. आपला शब्द यंत्राविषयी बोलतो, त्यांचा शब्द माणसाच्या वागण्याविषयी.

आता टेलिफोनच्या इतिहासाकडे पाहू; कारण मोठ्याने बोलण्याच्या सवयीचे मूळ तेथेच आहे. १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. पुढे कित्येक दशके परगावी बोलावयाचे म्हणजे ट्रंककॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. घाई असेल त्याने ‘अर्जंट’, त्याहून घाई असेल त्याने ‘लाइटनिंग’ कॉल मागावा. तारेतून येणारा आवाज क्षीण असे, मध्येच बुडे. म्हणून दोन्हीकडची माणसे ओरडून बोलत. परगावी गलाईच्या दुकानात बसलेला मुलगा आणि गावाकडचे वडील यांच्यात पाच गावांना ऐकू जाईल असे संभाषण होई, ते काही हौसेने नव्हे. १९६० साली लखनौ-कानपूर या दोन शहरांदरम्यान थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय प्रथम झाली. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली. त्या दुकानात काचेची एक कोठडी असे. आत शिरून दार ओढून घ्यावे, आणि मग बोलावे. घरची भांडणे, उसनवार, मुलीचे स्थळ, सोन्याचा भाव, जे काय असेल ते त्या काचेच्या आत राही. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीस सुखराम यांना देशातील पहिला मोबाईल फोन केला. मे २००३ पासून येणाऱ्या फोनला पैसे पडेनासे झाले. सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त इंटरनेटची लाट आली आणि फोन हा बोलण्यापेक्षा पाहण्या-ऐकण्याचा डबा झाला. प्रत्येक पायरीवर सोय वाढली. ती काचेची कोठडी मात्र कोठेतरी मागे राहून गेली, आणि ओरडून बोलण्याची सवय तेवढी बरोबर आली.

यात शास्त्राचाही थोडा भाग आहे. एतिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ साली असे दाखवून दिले, की भोवती गोंगाट असला म्हणजे मनुष्य नकळत आपला आवाज चढवतो. एसटीचे इंजिन घरघरत असते, खिडक्यांच्या काचा खडखडत असतात. आत बसून बोलणाऱ्याला आपण ओरडतो आहोत हे कळतही नाही. म्हणून त्याला दुष्ट समजण्याचे कारण नाही. त्याला कोणी तरी सांगावयास हवे असते. आणि शेजारच्या बाकावर दोघे जण ऊसदरावर तावातावाने बोलत असले तरी आपल्याला डुलकी लागते, पण मोबाईलवर बोलणाऱ्या एकट्याचा आवाज डोक्यात शिरतो, असे का? २०१० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा छडा लावला. दोघांचे संपूर्ण संभाषण कानी पडले तर त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते. अर्धेच ऐकू आले, की उरलेले अर्धे जुळवण्याच्या नादी मन आपोआप लागते आणि हातचे काम बिघडते. “हो का? मग? अरे देवा!” एवढेच ऐकणाऱ्या प्रवाशाची झोप का उडते, ते यावरून कळावे.

उपायांचाही इतिहास पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत १९९९-२०००च्या सुमारास फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला रोज पहाटे जाणाऱ्या प्रवाशांनी गाडीच्या कंडक्टरकडे मागणी केली, की एक डबा तरी फोनच्या आवाजापासून मुक्त ठेवावा. कंपनीने ते मान्य केले, आणि पुढे तशा शांत डब्यांची पद्धत पडली. ही सुधारणा सरकारने केली नाही. रोजच्या प्रवाशांनी तोंड उघडले म्हणून ती झाली. आपल्या शेजारी कर्नाटकाच्या राज्य परिवहन महामंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बसमध्ये मोबाईलवर मोठ्याने गाणी व व्हिडिओ लावण्यास मनाई केली. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नये, गाणी लावू नयेत अशा सूचना काढल्या व त्या पाळून घेण्याचे काम गाडीतील कर्मचाऱ्यांवर सोपवले. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने कानयंत्रावाचून मोबाईलचा आवाज बसमध्ये लावण्यास बंदी केली. हे सारे योग्यच झाले. तथापि एका वाहकाने साठ-सत्तर माणसांची तिकिटे फाडावी, थांबे सांभाळावे, घंटी द्यावी आणि वर प्रत्येकाच्या फोनवर नजर ठेवावी, ही अपेक्षा वाजवी नव्हे. वाहकाने कोणाला हटकले आणि बाकीची गाडी मुकाट बसून राहिली, तर पुढच्या खेपेस तोही गप्प बसेल.

यात खरोखर नुकसान कोणाचे होते, याचा विचार करू. विट्याहून मिरजेला जाणारी गाडी डोळ्यांपुढे आणा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून या साऱ्या मुलखाचे दुखणे मिरजेकडे जात आले आहे. त्या गाडीत आजही कोणी ना कोणी रोगी असतो. तो लाल गाडीत बसतो, कारण मोटार करण्याची त्याची ऐपत नसते. पुढच्या बाकावरच्या फोनमधून धांगडधिंगा सुरू झाला, तर उठून जावयास त्याला दुसरी जागा नाही. रात्रपाळी करून घरी चाललेला यंत्रमाग कामगार असतो. तासाभराची झोप हेच त्याचे धन. परीक्षेला निघालेला मुलगा असतो. एकटीने प्रवास करणारी बाई असते. मागच्या बाकावर कोणी अचकट विचकट व्हिडिओ मोठ्याने लावले, तर उलटून बोलणे तिला किती कठीण जाते, हे घरातल्या आयाबहिणींना विचारून पाहावे. ज्यांना स्वतःची मोटार आहे, त्यांना स्वतःची शांतता विकत घेता येते. सार्वजनिक गाडीतला बेताल आवाज गरिबाला, आजाऱ्याला आणि दुबळ्यालाच सर्वांत अधिक सोसावा लागतो. म्हणून हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नसून न्यायाचाही आहे.

बोलणाऱ्याचेही नुकसान होतेच. जुना सराफ किंवा गलाईवाला प्रवासात धंद्याची गोष्ट कधी काढीत नसे. कोठे निघालो, बरोबर काय आहे, कोणाकडे उतरणार, यातले अवाक्षरही तो परक्यापुढे बोलत नसे. आज तीच माहिती, वर आकडे आणि पत्ता घालून, भर गाडीत फोनवरून जाहीर होते. घरची अब्रू आणि पदरचा माल, दोन्ही बाबतींत हा अविचार आहे.

मग करावे काय? फोन वापरूच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. रुग्णालयातून फोन आला, घरी म्हातारे वडील वाट पाहत आहेत, गाडी चुकली, तर अशा वेळी बोलणाऱ्याला कोणीही समंजस मनुष्य आडवा येणार नाही. प्रवासाला कंटाळून रडणाऱ्या लेकराला आईने घटकाभर फोन दाखवला, तर तिच्यावर डोळे वटारणे हेही शेजारधर्माला सोडूनच होईल. माझी सूचना लहान आहे. १८९० सालच्या त्या कलमातला ‘संमती’ हा शब्द आपण कायद्यातून गमावला आहे. तो आपल्या चालीरीतीत परत आणावा. आवाज लावण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारावे. “काका, जरा बातम्या लावू का?” “ताई, महत्त्वाचा फोन आहे, दोन मिनिटे बोलतो.” एवढ्या एका वाक्यात पुष्कळ काम होते. कित्येकदा विचारण्याच्या विचारानेच माणूस आवाज कमी करतो, किंवा कानयंत्र शोधतो. आणि ज्याला त्रास होतो, त्याने मनात धुमसत न बसता वेळीच गोड शब्दांत सांगावे: “दादा, आवाज जरा कमी कराल का?” सांगणाऱ्याचा आवाज चढला, की ऐकणाऱ्याचा अभिमान जागा होतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहून भांडण सुरू होते. एकाने नम्रपणे सांगितले, की दुसऱ्या बाकावरून कोणी तरी “खरे आहे, कमी करा हो” म्हणावे. धुराची सवय अशाच वळून पाहणाऱ्या चार डोळ्यांनी सुटली.

शेवटी एक आठवण देऊन हे व्याख्यान पुरे करतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिच्यासारख्या मालिका गावोगाव निघाल्या. निरनिराळ्या धंद्यांची, मतांची आणि वयांची माणसे एका जागी बसून दुसऱ्याला ऐकू जाईल इतकी शांतता राखतात, ही सवय या व्याख्यानमालांनी आपल्या शहरांना लावली. ती कोणी दंडाच्या धाकाने लावली नाही. येथे बसलेले आपण सर्व गेला तासभर ती पाळीत आहात, आणि त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. उद्या सकाळी आपल्यापैकी कित्येक जण विट्याच्या स्थानकावरून कराडच्या, सांगलीच्या नाही तर मुंबईच्या गाडीत चढतील. शेजारच्या बाकावर कोण असेल, ते आज आपणांस ठाऊक नाही. परंतु त्याच्या वाट्याला येणारी शांतता काही अंशी आपल्या हाती आहे, एवढे ध्यानात ठेवून गाडीत चढावे, अशी माझी विनंती आहे.